पेशीतील वाहतूक आणि श्रावकाची यतना

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



आपल्या घरांतील अनेक मुले-मुली आज जैवतंत्रज्ञान शिकण्यासाठी पुण्यास जातात. त्यांच्या शिष्यवृत्तीचा विषय निघाला की ज्येष्ठ मंडळी विचारतात, ‘ज्या प्रयोगशाळेत प्राण्यांचे रक्त वापरले जाते, तेथील शिक्षणाला धर्मादाय पैसा द्यावा का?’ प्रश्न रास्त आहे. मी वाणिज्य पदवीधर, व्यवसायाने कापड व्यापारी. वाचून आणि विचारून जे समजले, ते आपणांपुढे ठेवतो.

सातवाहन काळापासून नाणेघाटाच्या वाटेने जुन्नरचा माल कोकणातील बंदरांकडे जात असे. वाट आणि मुक्काम ठरलेले असल्याखेरीज व्यापार चालत नाही. आपल्या पेशींतही अशीच वाहतूक अखंड चालते. मालाचे लहान लहान गाठोडे योग्य वेळी योग्य स्थानी कसे पोहोचते, हे उलगडणाऱ्या जेम्स रॉथमन, रँडी शेकमन व थॉमस स्यूडॉफ यांना २०१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

ही वाहतूक अभ्यासण्यास उपयोगी पडणारे एक मानवी प्रथिन म्हणजे ट्रान्सफेरिन. ते रक्तातून लोह वाहून नेते. पेशीच्या दारावरील ग्राहक प्रथिन त्याला ओळखून आत घेते. आतल्या किंचित आम्ल कप्प्यात लोह उतरवले जाते आणि रिकामे ट्रान्सफेरिन काही मिनिटांत पुन्हा दाराशी परतते. माल उतरवून नव्या खेपेसाठी परतणाऱ्या मालगाडीसारखेच हे! त्यास चमकणारा रंग जोडला की संशोधकांना सूक्ष्मदर्शकातून त्याचा सारा मार्ग दिसतो.

हे प्रथिन पूर्वापार रक्तापासून वेगळे करीत. आता मानवी जनुक यीस्टमध्ये किंवा भाताच्या रोपात बसवून तेच प्रथिन तयार करता येते. अशा प्रथिनास ‘रिकॉम्बिनंट’ म्हणतात. हा मार्ग नवा नाही. गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढल्या जाणाऱ्या इन्सुलिनला पर्याय म्हणून जिवाणूंकडून बनवलेल्या मानवी इन्सुलिनला अमेरिकेत १९८२ मध्ये मान्यता मिळाली. मधुमेही श्रावकांच्या मनावरील केवढे ओझे त्यामुळे उतरले!

प्रयोगशाळेतील मोठी अडचण मात्र वेगळी आहे. पेशी वाढविण्यासाठी बहुधा गोवंशातील गर्भस्थ वासराचा रक्तद्रव वापरतात. कत्तल झालेल्या गाभण गाईच्या पोटातील वासरापासून तो मिळतो. त्याविना पेशी वाढवायच्या तर पोषणद्रवात लोह पुरविणारे ट्रान्सफेरिन, इन्सुलिन आदी घटक स्वतंत्रपणे घालावे लागतात. म्हणूनच भातातून किंवा यीस्टमधून आलेल्या प्रथिनाचे मोल मोठे. सर्वच प्रकारच्या पेशी अशा द्रवात सहज वाढत नाहीत, हेही खरे. पुण्यात १९८६ मध्ये स्थापन झालेली आणि आज ‘नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स’ या नावाने ओळखली जाणारी संस्था देशभरातील संशोधकांना पेशी पुरविते; तेव्हा हा विषय आपल्या उंबऱ्याशीच आहे.

यात हिंसा शून्य होते असे मी म्हणणार नाही. भाताचे रोप हाही एकेंद्रिय जीव आहे. पण पंचेंद्रिय जीवाच्या जागी एकेंद्रिय येणे, हा भेद आपल्या धर्माने नेहमीच महत्त्वाचा मानला आहे. शिवाय केवळ ‘रिकॉम्बिनंट’ या शब्दावर विसंबूही नये. प्रथिन कोणत्या पेशीत बनले आणि त्या पेशींना काय पाजले, हे दोन्ही पाहावे लागते. रेशीम घेताना गिऱ्हाईक मला विचारते, ‘कोशातला किडा उकळून मारला की नाही?’ झळाळी पाहून ते समाधान मानत नाही. प्रयोगशाळेच्या मालालाही हाच प्रश्न लागू आहे.

म्हणून माझी नम्र सूचना अशी की, शिष्यवृत्ती थांबवू नये. या क्षेत्रापासून आपली मुले दूर राहिली, तर तेथे हा प्रश्न विचारणार कोण? मात्र शिष्यवृत्ती घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षाअखेरीस एक पानभर लिहून द्यावे : आपल्या प्रयोगात प्राणिज काय वापरले, त्यास पर्याय होता का, आणि तो का स्वीकारला किंवा स्वीकारता आला नाही. पन्नास वर्षे या संस्थेने दानाचा हिशेब चोख ठेवला. आता त्या दानातून घडणाऱ्या ज्ञानाच्या यतनेचाही हिशेब ठेवावा, एवढीच प्रार्थना.

जय जिनेंद्र!