काचेच्या टाकीतील प्रवाळभित्ती



या व्यासपीठावर आपण मोठमोठ्या विषयांवरची व्याख्याने ऐकता. आज मी आपणांस दगड कसे रचावेत हे सांगणार आहे. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मी ‘समुद्रजीवांची टाकी’ असे मोघम उत्तर देऊन ठेवले. खरे सांगितले असते तर आमंत्रण परत गेले असते अशी मला भीती होती.

घरात समुद्राच्या पाण्याची टाकी मांडण्याची हौस असलेले तरुण अलीकडे मला पुष्कळ भेटतात. ते माशांविषयी विचारतात, दिव्यांविषयी विचारतात. दगडांविषयी मात्र कोणी विचारीत नाही. वास्तविक दिवा बदलता येतो, पंप बदलता येतो, पाणी तर बदलावेच लागते. पण दगडांवर प्रवाळ एकदा चिकटून वाढू लागले म्हणजे ते दगड हलविता येत नाहीत. पहिल्या दिवशी केलेली रचना वर्षानुवर्षे भोगावी लागते. म्हणून आजचा हा प्रपंच.

आता आपण विचाराल, या टाकीत दगड हवेतच कशाला? शोभेसाठी काय? शोभा हे त्यांचे दुय्यम काम आहे. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात उतरतो आणि तो माशालाच विषारी असतो. सच्छिद्र दगडाच्या पृष्ठभागावर राहणारे सूक्ष्म जीवाणू त्या अमोनियाचे प्रथम नायट्राइट आणि मग त्या मानाने निरुपद्रवी असे नायट्रेट बनवितात. दगडाच्या पोटात, जिथे प्राणवायू पोहोचत नाही, तिथे दुसऱ्या जातीचे जीवाणू त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. ही वस्ती बसायला साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे सोडण्याची घाई करू नये. जकार्ताचे ली चिन एंग यांनी १९६१ साली आपली पद्धत प्रसिद्ध केली. समुद्रातले जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे, एवढ्यावरच ते टाकी चालवीत असत. आजच्या टाक्यांत यंत्रे पुष्कळ आली. पण टाकीचे यकृत म्हणजे दगड, ही गोष्ट बदललेली नाही.

आपल्या भाषेत ‘रीफ’ला प्रवाळभित्ती असा शब्द आहे. शब्द चांगला आहे, पण त्याने माझा घात केला. भित्ती म्हणजे भिंत असे समजून मी पहिल्या टाकीत मागच्या काचेला टेकवून वरपर्यंत दगडांची भिंत उभारली. शिवाय आधी वाळू पसरली आणि तिच्यावर दगड ठेवले. काही महिन्यांतच भिंतीमागे गाळ साचला. तिथे ना पाणी फिरे, ना हात पोहोचे. पाण्यातले नायट्रेट वाढले, शेवाळ माजले. मग मी हौसेने एक बिळे करणारी कोळंबी आणली. तिने आपल्या धर्माप्रमाणे वाळू उकरली. एका रात्री दोनच्या सुमारास भिंतीचा वरचा दगड निसटून पुढच्या काचेवर आला. काचेला तडा गेला आणि घरात समुद्र शिरला. दोन विदूषक मासे बादलीत वाचविता आले. बाकीचे जीव गेले. माझे सासरे आयुष्यभर घरे बांधीत आले. माझी पत्नी फरशी पुसता पुसता एवढेच म्हणाली, “अहो, पाया वाळूवर का घेतला होतात?” मला उत्तर सुचले नाही.

तेव्हा पहिला नियम हा: दगड आधी, वाळू मागून. तळाच्या काचेवर पातळ प्लास्टिकची जाळी अंथरावी, तिच्यावर बुडाचे दगड पक्के बसवावेत, आणि मग भोवती वाळू घालावी. चुलीचे तीन दगड आपण पाहिले आहेत. भांडे तीन ठिकाणी टेकले की डुगडुगत नाही. तसाच प्रत्येक दगड तीन ठिकाणी टेकला पाहिजे. कोकणात शेताभोवती चुन्याशिवाय गडगा रचतात. रचणारा दगड हातात फिरवून त्याची बैठक शोधतो, बळजबरी करीत नाही. आपणही तसेच करावे. आणि इतके करूनही शंका राहिली तर पाण्यात घट्ट होणाऱ्या एपॉक्सी पुट्टीने सांधे पक्के करावेत.

ही रचना पाण्यात हात घालून करू नये. टाकीच्या तळाएवढे वर्तमानपत्र कापून टेबलावर पसरावे आणि कोरडेच दगड त्यावर मांडून पाहावेत. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशा टाकीत सुमारे १९० लिटर पाणी मावते; तिला पंधरा ते वीस किलो सच्छिद्र दगड पुष्कळ झाले. चारही बाजूंना हात आणि काच घासण्याचे साधन फिरेल इतकी, म्हणजे तीन-चार इंच, जागा सोडावी. उंची पाण्याच्या दोन तृतीयांशांपलीकडे नेऊ नये. एका अखंड ढिगाऐवजी एक मोठे आणि एक लहान अशी दोन बेटे करावीत आणि मधून वाट ठेवावी. खऱ्या प्रवाळभित्तीलाही अशा वाटा, विवरे आणि कपारी असतातच. त्यांतूनच लाट आत-बाहेर करते. माशाला पळायला एक दार आणि निसटायला दुसरे हवे, म्हणून गुहा दोन तोंडांची करावी.

आता सर्वांत अवघड गोष्ट सांगतो. ती म्हणजे मोकळी जागा. नवी टाकी ओकीबोकी दिसते आणि मालकाला ती भरून टाकण्याचा मोह होतो. पण प्रवाळ हा दगड नव्हे, प्राणी आहे. त्याच्या शरीरात राहणारे सूक्ष्म शैवाल प्रकाशावर अन्न तयार करते, म्हणून त्याला उजेड हवा. आणि तो वाढतो. फांद्यांचे काही प्रवाळ समुद्रात वर्षाला दहा सेंटिमीटरपर्यंत वाढतात. शेजारी जवळ आला की ते भांडतात. गॅलॅक्सियासारखे प्रवाळ रात्री वीतभर लांब दंशतंतू सोडून शेजाऱ्याला भाजून काढतात. म्हणून आज जी जागा रिकामी वाटते ती उद्याच्या रहिवाशाची आहे, असे समजून ती राखावी. वर उजेडाचे ओटे, मध्ये पायऱ्या, खाली सावलीच्या कपारी, अशी घरे आधी बांधून ठेवावीत. रहिवासी सावकाश येतील.

शेवटी, हे दगड आणावयाचे कोठून? आमच्या सह्याद्रीचा काळा दगड घट्ट. त्यात जीवाणूंना घर नाही. जांभा सच्छिद्र खरा, पण त्यात लोह भरपूर, तोही नको. मग एखाद्याचे लक्ष मालवणकडे जाते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील समुद्रात प्रवाळ आहेत आणि तो भाग १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. भित्ती बांधणाऱ्या सर्व कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याने २००१ सालापासून वाघाच्याच अनुसूचीत स्थान दिले आहे. त्यांचा तुकडा उचलणे हा गुन्हा आहे. पण कायदा क्षणभर बाजूला ठेवा. जी भित्ती घडायला शतके लागली ती फोडून घरात तिची प्रतिकृती मांडावयाची, हा कसला समुद्रावरचा लोभ? भाजलेल्या मातीचे किंवा सिमेंटचे सच्छिद्र दगड आज मिळतात. सिमेंटचे असतील तर त्यातला चुना उतरेपर्यंत काही आठवडे पाणी बदलीत भिजवावेत. प्रारंभी ते पांढरेफटक दिसतात. वर्षभरात त्यांच्यावर जांभळट रंग चढतो आणि जन्मखूण ओळखू येत नाही. पहिल्या टाकीत मऊ जातीचे, सोशिक प्रवाळच ठेवावेत.

माझी दुसरी टाकी आज उभी आहे. तिच्यात दगड पहिलीच्या निम्मेच आहेत. पाहुणे येतात आणि म्हणतात, “बरीच जागा रिकामी ठेवलीत की!” मी होय म्हणतो. त्या रिकाम्या जागेतूनच पाणी वाहते, मासे फिरतात आणि प्रवाळ दरवर्षी बोटभर पुढे सरकतात.