दुखण्याचे पैसे आणि घरभाड्याची मदत
(मंदिरात ज्येष्ठ सभासदांच्या मासिक बैठकीत केलेले भाषण)



आपल्यातले अनेक जण स्लाऊच्या कारखान्यांत आणि हीथ्रोवर पाळ्या करून निवृत्त झाले. नोकरीत अपघात झाला असेल, किंवा दमा, बहिरेपण यांसारखा ठरावीक आजार कामामुळे जडला असेल, तर ‘इंडस्ट्रियल इंज्युरीज डिसेबलमेंट बेनिफिट’ मिळू शकतो. त्यावर आयकर नाही. इथेच आपली गल्लत होते. कर नसला, तरी पेन्शन क्रेडिट आणि हाउसिंग बेनिफिटच्या हिशेबात ही रक्कम उत्पन्न धरली जाते.

माझ्या ओळखीच्या एका काकांनी ती फॉर्मवर लिहिली नाही. लबाडी नव्हती. “हे दुखण्याचे पैसे, ही कमाई थोडीच?” असे त्यांना वाटले. पुढे कौन्सिलचे पत्र आले: जास्त दिलेले पैसे परत करा. त्यांनी ते देवघरात ठेवले आणि घरात कुणाला सांगितले नाही. त्यांचा वाढलेला रक्तदाब मी पाहिला, गोळी वाढवली. काळजी कसली आहे, हे विचारले नाही. त्याची खंत मला आजही आहे.

याउलट, अटेंडन्स अलाउन्स उत्पन्नात धरत नाहीत. पेन्शनचे वय झालेल्या आणि आजारपणामुळे अंघोळ, कपडे, औषधे यांसाठी मदत लागणाऱ्यांसाठी तो आहे. त्यासाठी बचत विचारत नाहीत. उलट त्यामुळे काहींचे पेन्शन क्रेडिट वाढते. त्यातला ‘गॅरंटी’ भाग मिळाला, तर हाउसिंग बेनिफिटसाठीची 16,000 पौंडांची बचतमर्यादाही आड येत नाही. व्हिसावर सरकारी मदतीची बंदी असेल, तर मात्र आधी सल्ला घ्या.

म्हणून तीन विनंत्या. फॉर्मवर येणारी प्रत्येक रक्कम लिहा. काय धरायचे, काय सोडायचे ते कौन्सिल ठरवील. रक्कम बदलली, तर लगेच कळवा. आणि वसुलीचे पत्र आले, तर लपवू नका. हाउसिंग बेनिफिटच्या निर्णयावर फेरविचार मागायला साधारण एक महिनाच असतो.

तरुण सभासदांना आवाहन: साहाय्य निधीला देणगी द्याच, पण महिन्यातून दोन तासही द्या. एखाद्या आजीशेजारी बसून तिचा फॉर्म भरून देणे, हीसुद्धा सेवाच आहे. आणि ज्येष्ठांनो, हक्काचे मागणे म्हणजे हात पसरणे नव्हे. पुढच्या बैठकीला येताना ती न उघडलेली पाकिटे सोबत आणा.

रामकृष्ण हरी.