आकाशाचा मुष्टिफंड



यजमान पंचतारांकित वसाहतीत रात्रपाळीला गेलेले आणि घरी मुलाचा संगणक आपला चालूच! विजेच्या बिलावरून मी रागावले. तो म्हणाला, “आई, हा मुष्टिफंड आहे.” २००५ सालापासून ‘आइन्स्टाइन ॲट होम’मध्ये घरोघरचे रिकामे संगणक शास्त्रज्ञांच्या मोजणीचा वाटा उचलतात. गरगर फिरणाऱ्या मृत ताऱ्यांच्या मंद, अखंड गुरुत्वलहरी त्यांना हुडकायच्या आहेत. त्या अजून गवसल्या नाहीत. मात्र दुर्बिणीच्या नोंदी तपासताना २०१० साली एक नवा स्पंदक तारा सापडला. आपल्या हिंगोली जिल्ह्यातही औंढा नागनाथजवळ लहरी टिपणारी वेधशाळा व्हायची आहे.

कर्मवीर अण्णांच्या वसतिगृहाला मूठमूठ धान्य देणाऱ्या बायकांना, कोणते पोर पुढे येईल हे कुठे ठाऊक होते? मी सातवी शिकलेली. पण मूठ मलाही कळते. आता बिल मुकाट्याने भरते.