जुने लेखन, नवे यंत्र

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



पन्नास वर्षांचा ताळेबंद मांडताना आपण वास्तू मोजतो, कार्यक्रम मोजतो, देणग्या मोजतो. संस्थेने जे लिहून ठेवले ते आज वाचता येते काय, हे मात्र क्वचितच विचारले जाते. या प्रश्नाची संगणकाकडील बाजू आज आपल्यापुढे मांडावयाची आहे.

हा प्रश्न आपल्या प्रांताला नवा नाही. बिंबाजी भोसले यांनी १७५८ ते १७८७ या काळात रतनपुराहून छत्तीसगडचा कारभार पाहिला. त्यांच्या अमदानीत मराठी भाषा व मोडी लिपी इकडच्या दप्तरात आली. पुढे मोडीचे कागद जेथे टिकले तेथेही ते वाचणारा डोळा दुर्मिळ झाला. संगणकावरील जुन्या लेखनाची गत हीच आहे; मोडीच्या बाबतीत जे घडायला पिढ्या लागल्या, ते येथे एका पिढीतच घडले.

जुनी आज्ञावली नव्या यंत्रावर चालत नाही, कारण ती ज्या यंत्राला उद्देशून लिहिलेली असते ते समोर नसते. यावर एक जुना उपाय म्हणजे कार्ड. १९८० साली मायक्रोसॉफ्टने ॲपल टू संगणकासाठी ‘सॉफ्टकार्ड’ काढले. त्यावर झेड-८० हा निराळा प्रोसेसर होता. कार्ड खाचेत बसविले की सीपी/एम प्रणालीच्या आज्ञावली ॲपलवर चालत. १९९१ साली मॅकिंटॉश एलसीसाठी ॲपल टू-ई कार्ड आले, आणि जुन्या ॲपलसाठी घेतलेल्या आज्ञावली शाळांना नव्या यंत्रावर वापरता येऊ लागल्या. जुन्या यंत्राने जणू नव्याच्या पोटात बिऱ्हाड केले.

आपल्या भाषेच्या वाट्यालाही एक कार्ड आले. त्याचे नाव ‘जिस्ट’. या कामाचा आरंभ कानपूरच्या आयआयटीत झाला आणि त्यात मोहन तांबे यांचा मोठा वाटा होता. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली व तेथे हे काम वाढले. या कार्डाचे कार्य थोडे निराळे होते. इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉसच्या आज्ञावलीत ते देवनागरी उमटवी, आणि आज्ञावलीला त्याचा पत्ताही नसे! त्यामागील ‘इस्की’ ही संकेतपद्धती १९९१ साली भारतीय मानक ठरली.

आजच्या संगणकात ते कार्ड बसविण्याची खाचच नाही. म्हणून आता यंत्राची नक्कल आज्ञावलीतच करतात. २००२ साली आलेली ‘डॉसबॉक्स’ ही अशीच आज्ञावली. ती जुना डॉस संगणक नव्याच्या पडद्यावर उभा करते. परंतु नकलेत जेवढे भाग उतरविले तेवढेच हजर असतात. त्यात मूळ कार्ड नसेल तर मराठी अक्षरांच्या जागी चौकटी आणि रेषा दिसू लागतात. मजकूर नष्ट झालेला नसतो. त्याचा अर्थ सांगणारा तेवढा गैरहजर असतो.

सुदैवाने इस्कीतील मजकूर युनिकोडमध्ये आणणे तुलनेने सोपे आहे, कारण युनिकोडची देवनागरी इस्कीच्याच मांडणीवर आधारलेली आहे. त्यानंतरच्या काळात निरनिराळ्या फाँटांत टंकलेले लेखन अधिक अवघड, कारण तेथे प्रत्येक फाँटाचे संकेत वेगळे.

म्हणून माझी विनंती अशी. कोणाच्या घरी सभासदांच्या याद्या, नाटकांच्या संहिता, आईवडिलांची पत्रे फ्लॉपीवर असतील, तर त्या प्रथम जशाच्या तशा उतरवून घ्याव्यात. फ्लॉपीवरील चुंबकीय लेखन कालांतराने क्षीण होते. मग मजकूर युनिकोडमध्ये आणावा आणि एक प्रत कागदावर छापावी. रूपांतर झाले म्हणून मूळ प्रत मात्र टाकून देऊ नये. रूपांतरात एखादे जोडाक्षर चुकले, तर निवाडा मूळ प्रतच करील. सोबत एका चिठ्ठीवर लिहावे : कोणती आज्ञावली, कोणता फाँट, कोणते साल. ज्यांनी हे टंकन केले त्यांना आजच विचारावे. त्यांची स्मृती कोणत्याही कार्डावर उतरविता येणार नाही.

घरापासून दूर राहणाऱ्या समाजाला आपली भाषा केवळ बोलून टिकविता येत नाही. तिचे दप्तरही वाचनीय ठेवावे लागते. शताब्दीच्या स्मरणिकेचे संपादक आपले आजचे लेखन उघडतील, तेव्हा त्यांना चौकटी नव्हे, अक्षरे दिसोत, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.