ऊन मोजायचं यंत्र कुठे लावायचं?

(ग्रामसंघाच्या मासिक सभेत केलेल्या बोलण्याचा मजकूर)



आमसुलं आणि आंबापोळीसाठी सौर ड्रायर घ्यायचा का, कर्ज किती काढायचं, हे आपण या हंगामानंतर ठरवणार आहोत. त्याआधी आपल्याकडे ऊन किती पडतं ते मोजायला हा सेन्सर आणलाय. निरभ्र दुपारी तो एका चौरस मीटरला साधारण 1000 वॉट दाखवतो. मळभ आलं की आकडा खाली येतो.

पहिल्या गावात माझी चूक झाली, ती आधी सांगते. मीटरबोर्ड जवळ पडतो म्हणून मी सेन्सर खळ्याच्या कडेला लावला. दुपारी चारनंतर आकडा पडायचा. मला वाटलं, मळभ असेल. शेवटी एका मावशींनी दाखवलं, माडाची सावली बरोबर सेन्सरवर येत होती. ते आकडे धरले असते तर "इथे ऊन पुरत नाही" म्हणून गटाने ड्रायर घेतलाच नसता. सेन्सर बंद पडला तर कळतं. सावलीत असला तर कळत नाही, तो आकडे देतच राहतो.

म्हणून जागा अशी बघा. सेन्सर जेवढ्या उंचीवर बसणार तिथून हात सरळ ताणा आणि मूठ क्षितिजावर ठेवा. झाडाचा शेंडा, भिंत किंवा खांब अर्ध्या मुठीच्या वर दिसला तर ती बाजू अडलेली. चारही बाजू बघा. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो. पण मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत रत्नागिरीत दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला गेलेला असतो. आपल्याकडे मोकळा कातळ किंवा स्लॅबचं छप्पर चांगलं. नवीन पत्रा आणि चुना लावलेली भिंत जवळ नको, त्यांचा उजेड परतून आकडा वाढतो.

आता बसवायचं कसं? खांब जांभ्यात खड्डा करून काँक्रीटमध्ये घट्ट बसवा. 2020 चं निसर्ग वादळ दापोली-मंडणगडने पाहिलंय, हलणारा खांब चालणार नाही. सेन्सरच्या पाणसळीतला बुडबुडा मधोमध हवा. खारा वारा लोखंड खातो, म्हणून स्क्रू स्टीलचे घ्या. वायर पेटीत शिरण्याआधी खाली झोळ देऊन वर घ्या, म्हणजे पावसाचं पाणी झोळातून गळून जाईल, पेटीत जाणार नाही.

दर आठवड्याला सकाळी मऊ फडक्याने, साध्या पाण्याने काच पुसायची. धूळ, मीठ, पक्ष्यांची घाण, सगळ्याने आकडा कमी येतो. कोणी पुसली, कधी पुसली, ते वहीत लिहायचं.

येत्या रविवारी सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता तीन जागा बघूया. वाळवण घालताना सावली आली की परात कुठे सरकवायची, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. जागा तुम्हीच ठरवा. कर्ज तुमच्या नावावर निघणार आहे.