'सर्वांसाठी' म्हणजे कोणाकोणासाठी?



सॉफ्टवेअरवाली बोलणार म्हटल्यावर मोबाइलबद्दल ऐकायच्या तयारीने बसलेल्यांनी क्षमा करावी. मला ख्रिस्ती भजनांबद्दल बोलायचं आहे. त्यातही एकाच शब्दाबद्दल: 'सर्व'.

अकोला हे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचं जुनं केंद्र. माझ्या बाकावरची मैत्रीण त्याच समाजातली. तिच्या घरी काकू 'उपासना संगीत' उघडून पेटीवर गायच्या, तेव्हा परक्या धर्माचं काही ऐकतोय असं वाटायचंच नाही. वाटणार कसं? त्यातली कितीतरी पदं रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला हा कवी, तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं सांगायचा. धर्म बदलला, अभंग सुटला नाही.

या भजनांत तारण सर्वांसाठी आहे, असं पुन्हा पुन्हा येतं. पण आमच्या प्रोग्रामिंगमध्ये 'प्रत्येकासाठी हे करा' असा लूप लिहिला, तरी आत एखादा 'जर' बसलेला असतो आणि निम्मी मंडळी बाहेर राहतात. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात या 'जर'वरून चांगलंच वाजलं. कृपा फक्त निवडलेल्यांसाठी, असं एक बाजू म्हणे. चार्ल्स वेस्लीच्या १७४१ च्या भजनांनी ती सर्वांसाठी आहे हे ठणकावून सांगितलं; पण माणसाने ती स्वीकारली पाहिजे, ही अट राहिलीच. तिसऱ्या शतकातला ओरिजेन त्याच्याही पुढे गेला होता. शेवटी सगळेच देवाकडे परततील, अशी त्याला आशा होती. त्याच्या नावावरचं हे मत पुढे चर्चने नाकारलं.

हे सगळं मी वाचलं ते बाबा गेल्यावर. बाबा पक्के वारकरी. तेराव्याला काकू आल्या, आईजवळ बसून हळू आवाजात एक पद म्हणाल्या. नंतर मी त्यांना सरळ विचारलं, "काकू, तुमच्या 'सर्वां'मध्ये माझे बाबा आहेत का?" मैत्रीण माझ्याकडे बघतच राहिली. काकू जरा थांबल्या. म्हणाल्या, "देवाच्या दारात कोणाले घ्याचं, हे माह्यं काम नाही, बाई. मी त नुसती म्हणते."

त्यांनी 'हो' म्हटलं नाही. मला बरं वाटावं म्हणून खोटंही बोलल्या नाहीत. याचा मला आजही आदर वाटतो.

टिळकांनी मात्र १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. दोन वर्षांत ते गेले, दरबार फारसा वाढला नाही. पण ती 'जर'ची ओळ निदान दारावरून तरी त्यांनी पुसली होती.

"म्हणजे पसायदानच की!" असं कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. ज्ञानदेव खळांचा वाकडेपणा जावा म्हणून मागतात, टिळक ख्रिस्ताच्या पायाशी या म्हणून बोलावतात. मागणं वेगळं, बोलावणं वेगळं. दोन्ही एकच म्हटलं की दोन्ही ऐकायचं राहून जातं.

काकूंचे हात आता पेटीवर चालत नाहीत. मैत्रिणीने ती पेटी आज सोबत आणली आहे, आणि मघापासून ती मला आवरतं घ्यायची खूण करते आहे. माइक तिच्याकडे देते.