‘बायकोलाही सांगू नका’
आज ‘डिजिटल अरेस्ट’बद्दल बोलू. असली अटक भारतीय कायद्यात नाहीच. पण व्हिडिओ कॉलवरचा खोटा पोलीस बाबांना आधी काय बजावतो? ‘बायकोलाही सांगू नका.’ बाबा घाबरून गुपचूप एफडी मोडतात. पैसे जातात, पण आईला त्याहून जास्त लागतं ते वेगळंच: ‘४० वर्षांच्या संसारात मला एका शब्दानं विचारलं नाहीत?’ तिथून अबोला सुरू.

म्हणून ‘असे कसे फसलात?’ विचारत बसू नका. लगेच १९३० ला फोन लावा. जितका लवकर, तितकी पैसे खात्यात अडवले जाण्याची शक्यता जास्त. मग आईला सांगा: बाबांना गप्प ठेवणं ही त्या चोराचीच चाल होती. आणि आजच घरात ठरवा: ‘कुणाला सांगू नका’ म्हणणारा फोन आला, की तो कट करायचा आणि एकमेकांना हाक मारायची.